यॉक्टोचं बिल्ड टोस्टरवर घ्यायचं की टर्मिनलच बरं?

शिरोलीवाला:
आमच्याकडं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या भट्टीचं तापमान वाचणारा कंट्रोलर बोर्ड बनतोय. त्यावर लिनक्स, आणि ते यॉक्टोनं, म्हणजे बोर्डापुरतं लिनक्स बांधायच्या फुकटच्या साधनांनी, बिल्ड होतंय. माणसं पाच, पण बिल्ड येतंय एकालाच. माझं म्हणणं, हे टोस्टरवर घ्यावं. ज्यांनी बघितलं न्हाई त्यांना सांगतो, टोस्टर म्हणजे बिटबेकचंच (यॉक्टोत प्रत्यक्ष बांधायचं काम करणारा प्रोग्राम) वेबवरचं तोंड, यॉक्टोसोबतच मिळतंय, वेगळा पैसा न्हाई. ब्राउझरमध्ये मशीन निवडायचं, लेयर (पॅकेज बांधायच्या रेसिपींचे गठ्ठे) जोडायचे, इमेजचं (बोर्डावर टाकायच्या तयार सिस्टिमचं) नाव टाकून बिल्ड दाबायचं. कुठल्या टास्कला किती वेळ गेला, कुठलं पॅकेज किती जागा खातंय, कॅशमधनं काय उचललं, सगळं समोर दिसतंय.

सोयीसाठी म्हणत न्हाई मी. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकाचा बोर्ड परत आला, दोन दिवस चालला की हँग. त्यात नेमकी कुठली इमेज हाय हे शोधायलाच आमचे तीन दिवस गेले, कारण ती बांधणारा पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला आणि त्यानं लोकल डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे त्याच्या मशीनवरच्या सेटिंगच्या फाइलीत, हातानं चार ओळी घातलेल्या, त्या दुसऱ्या कुणाला म्हाईतच न्हाईत. गिऱ्हाईक रोज फोन करतंय आणि आपण "बघतो, बघतो" म्हणतोय. लय वाईट वाटतं राव.

काळा_पडदा:
त्रास समजला, पण औषध चुकलंय. तुमच्या चार ओळी हरवल्या कारण त्या गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) नव्हत्या. आता त्याच सेटिंग ब्राउझरमध्ये भरल्या तर त्या जाणार टोस्टरच्या डेटाबेसमध्ये, तो मुळात एसक्यूलाइट, म्हणजे परत एका मशीनवरची एकच फाइल. ती उडाली की तुम्ही आहात तिथंच. आधी त्या पोराच्या लॅपटॉपवर अडकलं होतं, आता सर्व्हरवर अडकेल, एवढाच फरक. कास वापरा, बिटबेकची सगळी मांडणी एका फाइलवरून करून देणारं साधन. एका यॅमल (साध्या टेक्स्टच्या) फाइलमध्ये कुठला लेयर, त्याचा कुठला कमिट (गिटमधली नेमकी नोंद), कुठलं मशीन, सगळं लिहायचं आणि ती फाइल कोडसोबत ठेवायची. दोन वर्षांनी कुणीही तीच इमेज परत बांधू शकतो.

आणि हॉब आठवतंय का कुणाला? तोही असाच बटणांचा, डेस्कटॉपवर चालायचा. २०१६ मध्ये यॉक्टो २.१ आलं तेव्हा काढून टाकला. बटणांवर शिकलेल्यांना परत पहिल्यापासून शिकावं लागलं. टेक्स्ट फाइलचं तसं होत नाही.

उद्यमनगर_टेस्टर:
टेक्स्ट फाइलचं होत न्हाई कसं? यॉक्टो ३.४ आलं आणि सेटिंगला जोड द्यायचं अंडरस्कोअर अपेंड बदलून कोलन अपेंड झालं, तेव्हा आमची अर्धी कॉन्फ बदलायला लागली की. मी टेस्टिंगला हाय, कोड लिहीत न्हाई. मला फक्त मॉस्किटो (यंत्रांचे मेसेज इकडनं तिकडं पोचवणारं पॅकेज) टाकून एक इमेज पाहिजे होती, तर इमेज इन्स्टॉल अपेंडच्या, म्हणजे इमेजमध्ये जादा पॅकेज टाकायच्या, ओळीत अवतरणचिन्हाच्या आत पहिली स्पेस सोडायची राहिली, मागच्या पॅकेजचं नाव ह्याला चिकटलं, आणि बिटबेक म्हणतंय असलं पॅकेज कोण देतच न्हाई. सकाळी दहापासून जेवणापर्यंत मी तेच वाचत बसलेलो, स्पेलिंग तर बरोबर हाय! टोस्टरमध्ये कस्टम इमेज केली, यादीत पॅकेज शोधलं, अ‍ॅड दाबलं, सोबत अजून काय काय येणार तेबी त्यानं दाखवलं. फक्त मूळ इमेज एकदा बिल्ड झालेली लागते, मग यादी येते.

काळा_पडदा:
भावा तुझा वेळ गेला ते खरं, ती स्पेस मलाही नडली आहे. पण तू केलेली ती इमेज गिऱ्हाइकाला गेली तर ती कुठं लिहून ठेवलीस?

उद्यमनगर_टेस्टर:
न्हाई लिहिली. टोस्टरमधनं रेसिपीची फाइल डाउनलोड करता येते, ती लेयरमध्ये टाकायला पाहिजे होती. कबूल.

पंचगंगाकाठ:
२०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद, मी घरी आणि बिल्डचं मशीन तिकडं. एसएसएचनं (घरनं त्या मशीनचं टर्मिनल उघडून) काम भागलं, पण कनेक्शन तुटलं की बिल्ड मरायचं, टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारं) शिकलो तेव्हा कुठं सुटलो. वेबवर असतं तर बिल्ड तिकडं चालू राहिलं असतं, हे मान्य. तरी सांगतो, टोस्टर पहिल्यांदा फक्त त्याच मशीनवर ८००० पोर्टला उघडतं, बाहेरनं दिसायला वेबपोर्ट ह्या सेटिंगला ०.०.०.०:८००० द्यावं लागतं, आणि कोण आला हे ते विचारत न्हाई. थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, व्हीपीएनच्या आतच ठेवा.

आणि एक. भांडण अर्धं तरी मिटंल अशी सोय त्यातच हाय. टर्मिनलमध्ये सोर्स टोस्टर स्टार्ट द्या आणि त्याच टर्मिनलमधनं नेहमीसारखं बिटबेक चालवा. ते बिल्ड "कमांड लाइन बिल्ड्स" नावाच्या प्रोजेक्टमध्ये आपोआप नोंदलं जातंय. बांधायचं तुमच्या फाइलींनी, बघायचं सगळ्यांनी.

शिरोलीवाला:
हे मला म्हाईत नव्हतं, आणि मला पाहिजे ते हेच. आमच्या मालकांना टर्मिनल दाखवलं की ते मान हलवून निघून जातात, पण कुठल्या तारखेला कुठली इमेज बांधली हे पानावर दिसलं तर ते स्वतः विचारतील. जुना डेस्कटॉप पडून हाय, शनिवारी त्यावर चालू करतो. पण बटणावरनं बांधायचं पूर्ण सोडणार न्हाई हां, टेस्टिंगच्या इमेजा पोरांना स्वतः करू देत. एकाच माणसावर सगळं टाकलं की तो आजारी पडला तरी फोन त्यालाच, हे मी स्वतः भोगलंय.

काळा_पडदा:
टेस्टिंगला करू देत. गिऱ्हाइकाला जाणारी मात्र कासच्या फाइलमधूनच, आणि त्या फाइलचा कमिट नंबर इमेजमध्येच, इटीसी (लिनक्सचा सेटिंगचा फोल्डर) खाली एका फाइलमध्ये लिहून. म्हणजे बोर्ड परत आला तर सिरीयल केबल लावून दोन मिनिटांत कळेल. आणि त्या हँगचं शेवटी काय निघालं?

शिरोलीवाला:
त्या चार ओळींतली एक निघाली, वॉचडॉगचा डीमन, म्हणजे बोर्ड अडकला की आपोआप रीस्टार्ट व्हावा म्हणून मागं चालणारा प्रोग्राम, काढून टाकलेला.