प्रति: इंग्लंडमधल्या ब्यूडली गावात, सेव्हर्न नदीच्या पश्चिम काठावर, कायमची पूरभिंत का नाही बांधली?

कारण सेव्हर्नकाठचा घाट हाच त्या गावाचा दर्शनी भाग! जॉर्जियन काळातल्या, म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातल्या घरांची रांग, अभियंता टेलफर्डचा १७९८चा पूल. त्यांच्यापुढे उंच भिंत घातली तर उरलं काय? म्हणून पश्चिम काठावर काढता-घालता येणारे अडसर आहेत. पुराचा इशारा आला की ठरलेल्या जागी खांब उभे करायचे, त्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवायच्या आणि रबरी पट्ट्यांवर घट्ट दाबून बसवायच्या. खरी मेख जमिनीखाली आहे. तिथे पाणी अडवणारी भिंत नसेल, तर वरून कितीही फळ्या लावा, पाणी खालून येतंच. थोडं झिरपतं ते उपसायला आत पंप.

असे अडसर सेव्हर्नवरच्याच आयर्नब्रिज गावात टिकले नाहीत, असा दाखला कोणी दिलाय, तो इथे लागू नाही. तिथले अडसर नुसते रस्त्यावर टेकवलेले होते; फेब्रुवारी २०२०मध्ये पाण्याच्या दाबाने ते सरकले.