पहिला डेक, पहिली हार: कार्ड गेम तुम्ही कसा सुरू केलात?

मॅजिक, पोकेमॉन, युगिओ, वन पीस, लोरकाना, गेम कुठलाही असो, सुरुवात कशी झाली ते लिहा. नवीन माणसाने काही विचारलं की त्याच्या हातात याद्या पडतात, हे घ्या ते घेऊ नका, आणि बिचारा आणखीनच गांगरतो. म्हणून याद्या नकोत, स्वतःचं सांगा. पैसे कुठे पाण्यात गेले, कुठला नियम महिनोनमहिने चुकीचा खेळलात, शिकवलं कोणी.

माझ्यापासून सुरू करतो. मला मॅजिक शिकवलं भाच्याने, तो तेव्हा अकरा वर्षांचा. नवीन आलेलं क्रीचर (म्हणजे लढणारं कार्ड) त्याच टर्नला हल्ला करू शकत नाही हे त्याने सांगितलं, पण समोरच्याच्या टर्नला ते ब्लॉक करू शकतं, म्हणजे हल्ला अडवू शकतं, हे सांगायचं राहिलं. मी आपला क्रीचर मांडून शांतपणे मार खातोय, २० लाइफ बघता बघता संपायचे. शेवटी एकदा नियमांचं पत्रक वाचलं आणि त्याला जाब विचारला तर म्हणतो, मामा तू विचारलंच नाहीस.

*

मी पण मॅजिकवालाच. माझी चूक म्हणजे बूस्टर, आत काय निघेल ते माहीत नसलेली कार्डांची पाकिटं. भरपूर पॅक घेतले, फोडले, आणि जे निघालं त्या सगळ्याचा मिळून एक डेक केला, पाचही रंग, नव्वद कार्डं. ६० ही किमान संख्या आहे म्हणजे जास्त चालतात, आणि जास्त कार्डं म्हणजे जास्त ताकद, असा माझा साधा सरळ हिशोब. पहिल्याच डावात हातात सगळी लाल आणि हिरवी कार्डं, खाली लँड (त्या त्या रंगाची कार्डं खेळायचा खर्च, म्हणजे माना, देणारी कार्डं) मात्र पांढरे आणि निळे, चार टर्न मी नुसता बघतोय आणि समोरचा खेळतोय. डाव संपल्यावर त्याने माझी सगळी कार्डं टेबलावर पसरली आणि म्हणाला दोन रंग ठेव, ६० वर आण, त्यात २४ लँड ठेव. एवढी मस्त कार्डं बाहेर काढायची अगदी जिवावर आलं.

मग घरी बसून गणित केलं. एका कार्डाच्या जास्तीत जास्त ४ कॉप्या ठेवता येतात (बेसिक लँड सोडून). ६० च्या डेकमध्ये चारही असतील तर सुरुवातीच्या ७ कार्डांत त्यातलं निदान एक यायची शक्यता साधारण ४० टक्के. ९० कार्डांत तीच होते २८. आणि माझ्याकडे तर बहुतेक कार्डांची एकेकच कॉपी होती, म्हणजे आठ टक्केसुद्धा नाही! हा गेम १९९३ मध्ये आला आणि तो बनवणारा रिचर्ड गारफिल्ड गणितातला माणूस, हे नंतर कळलं तेव्हा म्हटलं बरोबर आहे, आपण गणिताशीच भांडत होतो. त्यानंतर मी लागतील तीच कार्डं सुटी घेतो.

*

आमच्याकडे पोकेमॉन. म्हणजे खरं तर मुलीचं, मी ओढले गेले. वर्षभर ती फक्त चित्रं जमवत होती, मग एक दिवस म्हणाली आई आपण खेळू. तिने स्वतः डेक लावला, मोजून ६० कार्डं, आणि त्यात तिचा लाडका चॅरिझार्ड. चारमँडर एकही नाही. चॅरिझार्ड थेट खाली ठेवता येत नाही, आधी चारमँडर हवा आणि मग त्याचा चढत चढत चॅरिझार्ड होतो, हे आम्हा दोघींना माहीतच नव्हतं. बेसिक (थेट खाली ठेवता येणारे) पोकेमॉन इतके कमी की सुरुवातीच्या ७ कार्डांत एकही यायचा नाही, मग हात दाखवा, परत पिसा, परत वाटा, आणि दर वेळी समोरच्याला एक जादा कार्ड घ्यायची मुभा. एकदा तर सलग पाच वेळा झालं, हसून हसून पोट दुखलं.

शिवाय आम्ही हातात असतील तेवढ्या एनर्जी (पोकेमॉनला हल्ल्यासाठी लागणारी कार्डं) एकाच टर्नला लावायचो. टर्नला हातातून एकच लावायची असते. आमचे डाव पाच मिनिटांत संपायचे आणि मला वाटायचं की लहान मुलांचा गेम आहे, असंच असणार. एका ठिकाणी बाकीच्या मुलांबरोबर खेळायला गेलो तेव्हा समोरच्या दहा वर्षांच्या पोराने फार सभ्यपणे सांगितलं, काकू, एवढ्या नाही चालत. एकच एनर्जी हा नियम लागला आणि गेम एकदम अवघड झाला, कारण आता आधी कोणाला तयार करायचं ते ठरवावं लागतं. समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायची ती सहा प्राइझ कार्डं सगळ्यात आधी कोण उचलतो त्याची ती शर्यत आहे हे मला तिथे खऱ्या अर्थाने कळलं.

अजून एक सांगते, कपाटातली जुनी कार्डं घेऊन स्पर्धेला जाऊ नका. कार्डाच्या खाली कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर असतं, त्यावरून ते स्टँडर्डमध्ये (स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात) चालतं की नाही ते ठरतं. फार जुन्या कार्डांवर ते अक्षर नसतंच. तेच कार्ड नव्याने छापलेलं असेल तर जुनी कॉपी चालते, नाहीतर ती घरी खेळायला.

*

युगिओ. लहानपणी कार्टून बघितलेलं त्यामुळे आपल्याला येतंच या गुर्मीत गेलो. कार्टूनच्या सुरुवातीच्या भागात मोठमोठे मॉन्स्टर कसेही मैदानात उतरतात, खऱ्या गेममध्ये ५ किंवा ६ लेव्हलच्या मॉन्स्टरला आपला एक बळी द्यावा लागतो, ७ आणि त्याच्या वर दोन, आणि नॉर्मल समन (मॉन्स्टर साध्या पद्धतीने मैदानात उतरवणं) टर्नला एकदाच. हे मला माहीत होतं, अभिमान होता उलट. पण समोरच्याने पहिल्या टर्नला एक कार्ड काढलं, त्याने दुसरं शोधलं, त्याने तिसरं कबरीतून (वापरून झालेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून) उठवलं, असं करत करत तो किती वेळ खेळत होता कोण जाणे, नॉर्मल समन त्याने एकच केला, बाकी सगळे स्पेशल समन आणि त्यांना मर्यादाच नाही. इथे मॅजिकसारखा माना नाही, पोकेमॉनसारखी एनर्जी नाही, ब्रेक फक्त कार्डावरच्या बारीक अक्षरांत असतो. ‘हा इफेक्ट टर्नला एकदाच’ आणि ‘या नावाच्या कार्डाचा हा इफेक्ट टर्नला एकदाच’ यात फरक आहे. पहिल्यात दुसरी कॉपी आणलीत तर परत वापरता येतो, दुसऱ्यात नाही. या एका वाक्यापायी मी निदान तीन डाव घालवलेत. आता नवीन कार्ड घेतलं की आधी बारीक अक्षरं, मग चित्र.

आणि स्लीव्ह, कार्डांवर चढवायची प्लास्टिकची कव्हरं! उत्साहात जाड महागाच्या घेतल्या, घरी येऊन बघतो तर कार्डं आत लुडबुडतायत. युगिओची कार्डं लहान असतात, ५९ बाय ८६ मिलिमीटर, मॅजिक पोकेमॉनची ६३ बाय ८८. पाकिटावर लिहिलेलं असतं हो, वाचणार कोण.

*

बूस्टरला सगळे शिव्या देतायत म्हणून लिहितो. मला पॅक फोडायलाच आवडतं. खेळतो कमी, फोडतो जास्त. डेक बनवायचा मार्ग म्हणून तो वाईट आहे हे मान्य, पण तो कागद फाडतानाचा वास आणि शेवटचं कार्ड हळूच सरकवून बघणं, ते सुटी कार्डं घेण्यात कुठे. फक्त महिन्याला किती ते आधी ठरवून ठेवलंय, कारण एकदा हात सैल सुटला होता.

*

वरच्यांना ड्राफ्ट सुचवेन, पॅकही फोडून होतात आणि खेळूनही. मी मॅजिक तसंच शिकले. प्रत्येकाकडे तीन पॅक, एक फोडायचा, एक कार्ड ठेवायचं, त्यातली उरलेली कार्डं डावीकडे द्यायची. दुसरा पॅक उजवीकडे, तिसरा परत डावीकडे. मग ४० कार्डांचा डेक, त्यात साधारण १७ लँड. घरून काही आणायला लागत नाही, सगळे त्या टेबलावर सारखेच गरीब. पहिल्या वेळी चमकणारं दिसलं की उचल असं केलं आणि शेवटी माझ्याकडे सहा रंगीबेरंगी राक्षस आणि दुसऱ्या टर्नला खेळायला एक कार्ड नाही. शेजारी बसलेला माणूस सगळी साधीसुधी, दोन-तीनच माना लागणारी कार्डं घेत होता, मला त्याची कीव येत होती. पुढच्या फेरीत त्यानेच मला धुतलं.

*

मॅजिकच्या कमांडर या प्रकाराने सुरुवात करू नये असं म्हणतात, मी केली. १०० कार्डं, बेसिक लँड सोडता एकही दुसऱ्यांदा नाही, चौघं खेळतात, प्रत्येकाला ४० लाइफ. नवख्याला इतकी वेगळी कार्डं लक्षात ठेवणं कठीण आहे, खरंय, माझा एक टर्न म्हणजे बाकीच्यांची पाय मोकळे करायची वेळ. पण चौघांत एक फायदा असतो, दुबळ्याला सहसा कोणी आधी मारत नाही. मी कोपऱ्यात गरीब बिचारा बसून सगळं बघत शिकलो आणि एके दिवशी तसाच बसून जिंकलो. त्यानंतर कोणी दया दाखवली नाही.

*

मी मॅजिक अॅपवर शिकलो आणि ते बरं झालं की वाईट अजून ठरत नाही. नियम पक्के झाले हे नक्की. जखमी क्रीचर टर्न संपला की परत ठणठणीत होतं, लागलेला मार पुढच्या टर्नला मोजायचा नसतो, असल्या गोष्टी अॅप आपोआप दाखवतं. पण खऱ्या टेबलावर गेल्यावर अनटॅप (वापरून आडवी केलेली कार्डं परत सरळ) करायला विसरलो, कार्ड ओढायला विसरलो, कारण तिथे ते कोणी करून देत नाही. पिसायलाही येईना. मी कार्डांचे सात गठ्ठे करून एकावर एक रचले, समोरची बाई म्हणाली, हे मोजणं झालं, आता पिसा. नीट पिसून डेक समोरच्यापुढे काटायला ठेवायचा असतो, हेही तिनेच सांगितलं.

*

अदलाबदलीबद्दल कोणी लिहिलं नाही. सुरुवातीला एका मुरलेल्या खेळाडूने माझ्या एका फाटक्या दिसणाऱ्या साध्या कार्डाच्या बदल्यात चार चकचकीत कार्डं दिली, मी खूष. ते साधं कार्ड काय होतं ते महिन्याने कळलं आणि अजूनही झोपताना कधीकधी आठवतं. आता ‘दोन मिनिटं थांबा, बघतो’ म्हणतो आणि फोनवर बघतो. प्रामाणिक माणूस थांबतो.

*

वरचं अॅपवालं वाचलं आणि हात थांबला. मी आणि ताई आधी पोकेमॉन खेळायचो, तिथे मार कार्डावर साठत जातो, म्हणून मॅजिकमध्येही आम्ही क्रीचरवर खडे ठेवत आलोय, दोन वर्षं. टर्न संपल्यावर कोणी काढले नाहीत. माझा अख्खा डेक एकेक डॅमेजने टोचत राहणारा आहे, ताईचे मोठाले क्रीचर तसेच मरतात. रविवारी डाव आहे. तिला सांगायचं की नाही ते ठरवतोय.