परदेशांतील न्यायव्यवस्था-सुधारणेच्या प्रकल्पांत काम : जिल्हा न्यायालयातील अनुभव उपयोगी पडतो का?

वैनगंगा

नमस्कार. मी विदर्भातील एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. काम मुख्यतः दिवाणी आहे : जमिनीचे वाद, वाटपाचे दावे, दरखास्ती (म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठीचे अर्ज). गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही आहे. संयुक्त राष्ट्रे किंवा तत्सम संस्था इतर देशांत न्यायव्यवस्था सुधारण्याचे जे प्रकल्प चालवतात, त्यांत काम करावे असा विचार बरेच दिवस मनात आहे. जाहिराती वाचल्या की मात्र संभ्रम वाढतो, कारण 'क्षमताबांधणी' आणि 'संस्थात्मक बळकटीकरण' यांपलीकडे रोज नेमके काय करायचे ते त्यांतून कळत नाही. येथे कोणी असे काम केले असल्यास कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. जिल्हा पातळीवरच्या अनुभवाला तिकडे काही किंमत असते का? आणि माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे, बाहेरून आलेल्या माणसांमुळे एखाद्या देशाची न्यायालये खरोखर सुधारतात का?

निशिगंध

मी कोसोव्होत निकालांच्या अंमलबजावणीशी संबंधित एका प्रकल्पात काम केले आहे. आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर तिथल्या सुरुवातीच्या सहा महिन्यांतच सापडते. जून १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १२४४ क्रमांकाच्या ठरावाने कोसोव्होचे प्रशासन संयुक्त राष्ट्रांकडे आले, आणि २४ मार्च १९९९ पूर्वी लागू असलेला कायदाच पुढे चालेल असे नव्या प्रशासनाने पहिल्याच विनियमात जाहीर केले. कायद्याचे सातत्य राखण्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. परंतु १९८९ मध्ये स्वायत्तता काढून घेतल्यानंतर बेलग्रेडने, म्हणजे सर्बियाच्या सत्तेने, जे कायदे लादले, त्यांच्याच आधारे आपल्या माणसांना नोकऱ्यांतून आणि न्यायालयांतून बाहेर काढले गेले, हे अल्बानियन न्यायाधीशांनी भोगलेले होते. त्यांनी ते कायदे लागू करण्यास नकार दिला. अखेर डिसेंबर १९९९ मध्ये दुसरा विनियम काढून २२ मार्च १९८९ रोजीचा कायदा परत आणावा लागला. एखाद्याला अटकेत ठेवायचे तर कोणत्या कायद्याखाली, यावरही मधल्या काळात न्यायालयांत एकमत नव्हते. न्यायाधीशांना आधी विचारले असते, तर हे सहा महिने वाया गेले नसते असे माझे ठाम मत आहे.

पुढे फेब्रुवारी २००० पासून मित्रोवित्सा येथे आंतरराष्ट्रीय न्यायाधीश व अभियोक्ते (सरकारी वकील) नेमले गेले, २००८ मध्ये युरोपीय संघाचे यूलेक्स हे पथक आले, आणि २०१८ पर्यंत त्या पथकाकडे खटले चालवण्याचा अधिकार होता. इतके सारे होऊनही युरोपीय संघाच्याच लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये नोंदवले की, कायद्याच्या राज्यासाठी कोसोव्होला दिलेली मदत पुरेशी परिणामकारक ठरलेली नाही.

आता आपला पहिला प्रश्न. त्याचे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. माझ्या वेळी तिथल्या न्यायालयांत जो ढीग होता, त्यात मोठा वाटा अंमलबजावणीच्या प्रकरणांचा होता आणि त्यांतही वीज-पाण्याच्या थकबाकीचा. निकाल लागलेला आहे, रक्कम ठरलेली आहे, पण वसुली होत नाही, ही स्थिती दरखास्तीचे काम करणाऱ्या वकिलाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०१४ पासून तिथे परवानाधारक खासगी अंमलबजावणी अधिकारी काम करू लागले. त्याआधी आमचे रोजचे काम म्हणजे फायली उघडून प्रत्येक प्रकरण कुठे अडले आहे ते पाहणे. पत्ता चुकीचा आहे, नोटीस बजावलीच गेलेली नाही, ऋणको स्थलांतरित झाला आहे, की कारकुनाने नोंद केली नाही, हे एकेका फायलीतून शोधावे लागे. बेलिफाचा अहवाल वाचून त्यामागे काय घडले असेल हे ओळखण्याची सवय ज्याला आहे, त्याला ही मेहनत जमते. मोठ्या विद्यापीठांतून आलेले माझे काही सहकारी नव्या कायद्याचा मसुदा अतिशय सुंदर लिहीत. मात्र समन्स परत का येते, हे त्यांना ठाऊक नसे.

सागरवेळ

निशिगंध यांच्याशी मी सहमत आहे, तरीही वैनगंगा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अधिक कठोरपणे पाहायला हवे असे मला वाटते. पूर्व तिमोरचे उदाहरण घ्या. १९९९ मध्ये इंडोनेशियाने माघार घेतली तेव्हा न्यायालयांच्या इमारती जळालेल्या होत्या आणि न्यायाधीश निघून गेले होते. कायद्याची पदवी असलेल्या तिमोरी माणसांनी पुढे यावे, असे आवाहन करणारी पत्रके शांतिसेनेने विमानांतून टाकली. त्यांतून निवडलेल्या पहिल्या न्यायाधीशांचा शपथविधी जानेवारी २००० मध्ये झाला. ही माणसे इंडोनेशियन विद्यापीठांत शिकलेली होती आणि घरात तेतुम बोलत. स्वातंत्र्यानंतर पोर्तुगीज आणि तेतुम या राजभाषा ठरल्या, नवे कायदे पोर्तुगीजमध्ये झाले, आणि न्यायाधीशांना आपला व्यवसाय जणू नव्याने शिकावा लागला. आरोपीला समजत नाही अशा भाषेत खटला चालत असेल, तर प्रशिक्षणाचे कितीही वर्ग भरवले तरी न्याय झाला असे म्हणता येणार नाही. शेवटी ऑक्टोबर २०१४ मध्ये तिमोरच्या सरकारने परदेशी न्यायाधीश, अभियोक्ते आणि सल्लागार यांना देश सोडण्याचा आदेश दिला. त्यांतील काही जण भ्रष्टाचाराच्या खटल्यांवर काम करत होते, त्यामुळे तो आदेश न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावरचा आघात होता असेच मी मानतो. परंतु ज्यांची नेमणूक सरकारच्या एका ठरावाने संपते, त्यांच्यावर संपूर्ण न्यायव्यवस्था उभी करणे हा आरंभीचाच दोष होता.

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाचेही तेच. राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या काळात न्यायसंस्थेवर सरकारची पकड घट्ट होत असताना तिच्या आधुनिकीकरणासाठी जागतिक बँकेचे कर्ज मंजूर झाले आणि १९९८ मध्ये ते रद्द करावे लागले. सत्ताधाऱ्यांना स्वतंत्र न्यायाधीश नको असतील, तर बाहेरचा पैसा त्यांच्याच हाती जातो.

वैनगंगा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सागरवेळ, आपले म्हणणे पटते, पण त्यावरून असा निष्कर्ष काढायचा का, की परदेशी माणसाने या कामात पडूच नये? आपल्याजवळच्या देशांत, जिथे समाज आणि कायद्याची घडण थोडीफार परिचयाची आहे, तिथे चित्र वेगळे असते का?

क्षितिजा

माझे काम नेपाळमधले आहे, म्हणून लिहिते. २०१५ च्या संविधानातील अनुच्छेद २१७ ने प्रत्येक स्थानिक पालिकेत, म्हणजे देशभरातील ७५३ ठिकाणी, तीन सदस्यांची न्यायिक समिती निर्माण केली. तिचा संयोजक त्या पालिकेचा उपप्रमुख किंवा उपाध्यक्ष असतो. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत पक्षांना प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांपैकी एका पदासाठी महिला उमेदवार देणे बंधनकारक होते. पक्षांनी बहुतेक ठिकाणी महिलांना उपप्रमुखपदाचीच उमेदवारी दिली, आणि त्यामुळे बहुसंख्य समित्यांची सूत्रे महिलांकडे आली. २०२२ च्या निवडणुकीत पक्षांनी आघाड्या करून एकेकच उमेदवार दिला आणि हे प्रमाण घटले. पण पहिल्या पाच वर्षांत मी जे पाहिले, त्यामुळे या क्षेत्राबद्दलची माझी आस्था टिकून आहे.

कायद्याने या समित्यांना १३ प्रकारच्या वादांत निर्णय देण्याचा आणि आणखी ११ प्रकारांत केवळ मेळमिलाप, म्हणजे तडजोड, घडवून आणण्याचा अधिकार दिला आहे. पहिल्या यादीत बांध, कुलो म्हणजे पाण्याचे पाट, पिकाचे नुकसान, थकलेली मजुरी, वृद्ध आईवडिलांचे पालनपोषण असे विषय येतात. आपल्या तालुका न्यायालयात बसलेल्या कोणालाही यांतील एकही विषय परका वाटणार नाही. संयोजक महिलांपैकी अनेकींनी कायद्याचे शिक्षण घेतलेले नव्हते, आणि आम्हाला नेमलेल्या संस्थेने सुरुवातीला त्यांच्यासाठी हॉटेलात दोन दिवसांचे वर्ग भरवले. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सुनावणीच्या वेळी शेजारी बसण्याचा. अर्ज आपल्या अधिकारक्षेत्रात येतो का, दुसऱ्या पक्षाला पुरेशी मुदत दिली का, दोघांचे म्हणणे लेखी आले का, निर्णयात कारणे लिहिली का, हे चार प्रश्न आम्ही प्रत्येक फायलीवर विचारत असू. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तडजोडीच्या नावाखाली परत घरी पाठवण्याची घाई होते का, याकडे मी विशेष लक्ष देत असे. लोकअदालतीत तडजोडीचा आग्रह दुर्बल पक्षावर कसा पडतो हे आपण पाहिले असेल, तर तोच अनुभव तिथे सर्वांत मोलाचा ठरेल.

एक अडचण आजही कायम आहे. समितीची सूत्रे निवडून आलेल्या पक्षाच्या नेत्याकडे असल्यामुळे विरोधी पक्षाचा माणूस तिथे निःशंक मनाने येत नाही. बाहेरून आलेल्याने ही रचना बदलण्याचा हट्ट धरू नये, कारण तो निर्णय नेपाळच्या नागरिकांचा आहे. निर्णय सकारण आणि लेखी असावा, म्हणजे जिल्हा अदालतीत पुनरावेदन, म्हणजे अपील, करता येते, एवढे मात्र त्याने आग्रहाने सांगावे.

निशिगंध

एक व्यावहारिक बाब राहिली. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परकीय मदत गोठवली आणि १ जुलैपासून यूएसएड या तिच्या परकीय मदत संस्थेचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. या क्षेत्रातील पैशाचा फार मोठा स्रोत त्यामुळे आटला आहे आणि अनेक अनुभवी माणसे काम शोधत आहेत. वैनगंगा, आपण वकिली सोडून न जाता आधी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक यादीत नाव नोंदवावे, आणि अर्जात पदव्यांच्या आधी दरखास्तींचे व विधी सेवेचे काम तपशिलाने लिहावे. क्षितिजा यांनी सांगितलेल्या कामासाठी नेपाळी शिकायला आजच सुरुवात केलीत, तर देवनागरी आणि हिंदी आपल्याला येतेच, त्यामुळे ती भाषा लवकर हाती येईल.