डॅलसमध्ये घरांचं होलसेलिंग सुरू करायचंय, पहिली ऑफर कशी काढायची?

फ्रिस्कोवाली:
नमस्कार मंडळी, मी एच४ ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराचं काम करायचं परमिट) आहे, मुलगी शाळेत जायला लागली म्हणून दिवसा वेळ मिळतो. दोन महिने होलसेलिंगचे व्हिडिओ बघतेय, मालकाशी कमी भावात कॉन्ट्रॅक्ट करायचं आणि क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर व्हायच्या, आधी तेच कॉन्ट्रॅक्ट एखाद्या फ्लिपरला (जुनं घर घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्याला) देऊन मधली फी घ्यायची, इतपत कळलंय. डॅलसच्या प्लेझंट ग्रोव्ह भागात ओळखीतून एक आजोबा भेटलेत, १९५८ चं घर आहे, विकायचंय म्हणतात. किती ऑफर देऊ? लायसन्स लागतं का? नवरा एच१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, तो म्हणतो वीकेंडला मीपण फोन करतो.

गारलंडचा दादा:
ताई, मी गेली सहा वर्षं अशी कॉन्ट्रॅक्ट विकत घेतो, त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. बहुतेक फ्लिपर ७० टक्क्यांचा हिशोब धरतात. समजा दुरुस्त झाल्यावर घर २,६०,००० ला विकलं जाईल, त्याचे ७० टक्के १,८२,०००, त्यातून दुरुस्तीचे ४५,००० गेले की १,३७,०००, तुझी फी १०,००० धरलीस तर आजोबांना १,२७,००० च्या वर जाता येत नाही. नवीन लोक चुकतात ते त्या पहिल्या आकड्यात, कारण टेक्ससमध्ये विक्रीची किंमत सरकार दरबारी जाहीर करावी लागत नाही, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (घरांची टॅक्ससाठी किंमत ठरवणारं काउंटीचं ऑफिस) साइटवर दिसते ती टॅक्ससाठी लावलेली किंमत, ती बाजारभाव नव्हे. एमएलएस (एजंटांची विक्रीच्या घरांची यादी) बघू शकणारा एजंट गाठ आणि जवळपासची मागच्या सहा महिन्यांत विकलेली, तेवढ्याच स्क्वेअर फुटाची घरं काढून घे.
आणि फाउंडेशन! इथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याने घरं हलतात. दारं घासतात का, विटांवर जिन्यासारख्या तिरक्या भेगा आहेत का बघ. १९५८ चं घर म्हणजे खालचे ड्रेनचे पाइप बिडाचे असू शकतात, कॅमेरा घालून तपासून घे. मला एकाने दुरुस्ती ३०,००० सांगून कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, नुसत्या पाइप आणि फाउंडेशनमध्येच ते संपले, त्या मुलाचा फोन मी परत उचलला नाही.

प्लेनोची काकू:
अगं, नवऱ्याला फोन करू देऊ नकोस!! एच१बीवर स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीबाहेर असं काम चालत नाही, सगळं तुझ्याच नावावर आणि तूच कर, आणि ईएडीची तारीख संपू देऊ नकोस. लायसन्सचं म्हणशील तर टेक्ससमध्ये २०१७ पासून कायदा असा आहे की कॉन्ट्रॅक्टमधला हक्क विकतेयस हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, घर माझं आहे अशा थाटात जाहिरात केलीस तर ती विनालायसन्स ब्रोकरगिरी धरतात. दुसऱ्या राज्यात हेच नियम समजू नकोस, इलिनॉयमध्ये बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त डील केली की लायसन्स लागतं. डू-नॉट-कॉल यादी (ज्यांना विक्रीचे फोन नको आहेत त्यांची) न बघता नंबरांच्या याद्या घेऊन फोन लावत सुटलीस तर एकेका कॉलमागे ५०० ते १,५०० डॉलरचा दावा लागू शकतो. शिवाय फीवर नेहमीच्या इन्कम टॅक्सच्या जोडीला १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःच्या धंद्यावरचा) लागतो, तेवढे पैसे बाजूला ठेवत जा.

फ्रिस्कोवाली:
बापरे, नवऱ्याचं बरं सांगितलंत काकू. आणि घेणारा मिळालाच नाही तर?

गारलंडचा दादा:
कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑप्शन पीरियड घे, थोडी ऑप्शन फी भरून त्या दिवसांत कुठल्याही कारणाने बाहेर पडता येतं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत लेखी कळवायचं. म्हणून घेणारे दोन-तीन जण आधीच ओळखीचे कर, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीत फोरक्लोजरचा (कर्ज थकलेल्या घरांचा) लिलाव असतो तिथे जाऊन उभी राहा, रोख पैसेवाले तिथेच भेटतात. असाइनमेंट, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याच्या नावे करणं, हाताळणारी टायटल कंपनीही (घराची मालकी तपासून व्यवहार पूर्ण करणारी) आत्ताच शोध.

प्लेनोची काकू:
आणि आजोबांना बसून सांग की मी घर ठेवणार नाही, कॉन्ट्रॅक्ट पुढे देणार आहे आणि त्यात माझी फी आहे. एजंटमार्फत बाजारात लिस्ट केलं तर जास्त मिळेल असं दिसलं तर तेही सांग, त्यांच्या मुलांपैकी कुणाला तरी बोलव. त्यांचं आयुष्यभराचं घर आहे गं ते.

फ्रिस्कोवाली:
हो काकू. शनिवारी त्यांच्या मुलीला घेऊन जातेय, पाइपवाल्यालाही बोलावलंय. आकडे आले की इथेच टाकते.