‘परागविज्ञान’ पुरेसं आहे का?

प्रश्न: खडकांचं वय ठरवण्याच्या पद्धतींवरचा एक लेख मराठीत करतोय. ‘पॅलिनॉलॉजी’ला, म्हणजे पराग आणि बीजाणूंच्या अभ्यासाला, ‘परागविज्ञान’ लिहावं का? लेखात नेच्यांचे बीजाणूही आहेत, तिथे अडलोय. आणि ‘कोरिलेशन’ला ‘सहसंबंध’ चालेल?

प्रतिसाद: ‘परागविज्ञान’ रुळलंय, तेच ठेवा, पण पहिल्याच परिच्छेदात सांगा की त्यात बीजाणूही येतात. ‘पुष्परज’ मात्र नको. चंद्रपूरकडचा कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे डायनासोरांच्याही आधीचा. त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या कुळातले पराग मिळतात, दोन बाजूंना हवेच्या पिशव्या, मधल्या अंगावर रेघा. तेव्हा पृथ्वीवर फुलंच नव्हती!

‘पॅलिनॉलॉजी’ हा मूळ शब्द हाइड आणि विल्यम्स या अभ्यासकांनी १९४४ साली घडवला, ग्रीकमधल्या ‘भुरभुरणे’ या क्रियापदावरून. त्याच्या मागे ‘बारीक पीठ’ असाही शब्द आहे. लॅटिनमधल्या ‘पोलेन’चाही अर्थ पिठीच. गंमत म्हणजे दगड कुटून हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवला (प्लास्टिकच्या भांड्यात, काच ते खातं), की तळाशी तपकिरी पिठीच उरते. सिलिका जाते, परागाचं कवच टिकतं.

प्रतिसाद: मग ‘रजोविज्ञान’ का नको? रज म्हणजे धूळ, पराग आणि बीजाणू दोन्ही त्यात मावतील.

प्रतिसाद: मावतील हो, पण वाचक आधी ‘रजोनिवृत्ती’कडे जाईल. राहू द्या.

प्रतिसाद: ‘सहसंबंध’ संख्याशास्त्राचा झाला. इथे म्हणायचंय ते एवढंच, की या बोअरमधला थर आणि तिकडच्या बोअरमधला थर एकाच काळचे. त्याला ‘थरांची जुळणी’ म्हणा. जबलपूरजवळ पडवारला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात ॲक्विलापोलेनाइट्स सापडला. गरुडपंखांसारखे फाटे असलेला पराग, म्हणून हे नाव. सोबत अझोला या पाण्यावरच्या नेच्याचे बीजाणू. ही मंडळी क्रिटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरची, म्हणजे गाळही तेव्हाचा, आणि त्याला वर-खाली कवटाळणारा दख्खनचा लाव्हाही त्याच सुमाराचा.

एक शंका मीच काढतो: ‘कालमापन’ लिहू नका. परागाच्या अंगावर वर्षं लिहिलेली नसतात, त्यावरून फक्त आधी कोण, नंतर कोण ते कळतं. आकडा येतो ज्वालामुखीच्या खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून. शिवाय जुन्या खडकातून वाहून आलेला पराग नव्या गाळात घुसतोच, त्यामुळे एका दाण्यावर कुणी विसंबत नाही, सगळा समूह बघतात. ‘कालनिश्चिती’ बरा.

प्रश्नकर्ता: ‘जुळणी’ घेतला. ‘बीजाणू’ ऱ्हस्व की दीर्घ, ते आता वेगळं विचारतो.