पाएयात कांदा नको म्हणजे नकोच!

केशरकाडी
कांदा, कोळंबी, मटार, चोरिथो सॉसेज घालून परतलेल्या कुठल्याही पिवळ्या भाताला हल्ली पाएया म्हणतात. पाएया मूळचा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा, आणि तिथल्या पाएयात जिन्नस दहाच: कोंबडी, ससा, चपटा श्रावणघेवडा, गार्रोफो (डबल बीसारखा मोठा पांढरा दाणा), टोमॅटो, तांदूळ, ऑलिव्ह तेल, केशर, मीठ, पाणी. कांद्याला पाणी सुटतं आणि दाणा मऊ पडतो. हा भात पातळ थरात, सुटाच हवा.

उलटातवा
असहमत. व्हॅलेन्सियाजवळच्या अल्बुफेरा सरोवराच्या काठी त्यात बदक पडतं, इतरत्र गोगलगायी, आर्टिचोक, रोजमेरी. एकेकाळी तिथल्या भातखाचरांतला पाणउंदीरसुद्धा पडायचा! जे हाताशी ते घालायचं, हीच मूळ रीत. मग कांद्यानेच काय घोडं मारलंय?

केशरकाडी
गोगलगायीने पाण्याचं गणित बिघडत नाही, कांद्याने बिघडतं. आणि कोंबडी-कोळंबी एकत्र घालणाऱ्यांनी सांगावं, कोंबडीचा रस्सा उतरायला अर्धा तास आणि कोळंबी चार मिनिटांत चिवट, हे जमवायचं कसं? कोळंबीचा भात वेगळा करा, माशाच्या रश्श्यात.

भातवाली
कांद्यावरून हमरीतुमरी, आणि तांदळाबद्दल कोणी बोलायला तयार नाही. बासमती रस पीत नाही, इंद्रायणीचा गिचका होतो. बोम्बा हा आखूड दाण्याचा स्पॅनिश तांदूळ घ्या. तो तांदळाच्या अडीच-तीन पट रस्सा पितो आणि फुटत नाही. सेनिया हा तिथलाच दुसरा तांदूळ चवीला सरस, पण दोन मिनिटं जास्त झाली की गेला.
माणशी 100 ग्रॅम, चौघांना 40 सेंमीचा पसरट तवा. रस्सा किंचित खारट लागला पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढतो. तांदूळ एकदा पसरला की ढवळायचं नाही. ढवळलात तर पिठूळपणा सुटून खीर होते. आठ मिनिटं मोठी आच, मग आठ-दहा मिनिटं मंद. घरच्या शेगडीची आच मधेच लागते, म्हणून तवा सारखा फिरवत राहा, नाहीतर मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. शेवटी मिनिटभर आच वाढवा. तडतड ऐकू आली की खाली सोकार्रात धरतंय, म्हणजे आपली खरपुडी. धुरकट वास यायच्या आत उतरवा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा.

उलटातवा
कृती झकास. पण कांदा बारीक चिरून, मंद आचेवर अर्धा तास परतून पाणी पार आटवलं, तर केशरकाडींचा मुद्दा उरतो कुठे? 2021 मध्ये व्हॅलेन्सियाच्या सरकारने पाएयाला सांस्कृतिक वारसा जाहीर केलं, ते एकत्र बसून वाटून खाण्याच्या रीतीसकट. नुसत्या यादीला नव्हे.

केशरकाडी
पाणी आटेल, गोडवा वाढेल. त्या गोडव्याखाली केशर दबतं, आणि केशराचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या अलिकांतेचे लोक भाताला न्योरा ही सुकवलेली तांबडी मिरची वापरतात, छान लागते, पण ते त्याला व्हॅलेन्सियाचा म्हणत नाहीत. तुम्हीही नाव बदला, मग खुशाल किलोभर कांदा घाला.

भातवाली
चोरिथोचं काय ते आधी ठरवा. त्याच्या तांबड्या तेलात ससा काय नि घेवडा काय, सगळं एकाच चवीचं.

उलटातवा
चोरिथोला माझाही विरोध. कांद्यावर मात्र मागे हटणार नाही.