मदत हवी आहे: गुलाबासारख्या फुलांचं आयव्ही जिरेनियम रुसलंय

नवीन व्हरायटी आणलीये, लोंबत वाढणारी, फुलं अगदी अर्धवट उमललेल्या गुलाबासारखी, पाकळ्यांचे थरच्या थर. पहिला गुच्छ बघून जाम खूश झाले, पण आता कळ्या आतून तपकिरी होतायत, चिमटीत धरली की ओला लगदाच हाताला लागतो. वरून पाणी घालत होते, बहुतेक तेच पाकळ्यांत साचून बुरशी येतेय, म्हणून आता फक्त मातीत घालतेय. शिवाय पानांच्या खालच्या बाजूला खरखरीत फोड आलेत, कीड नाहीये, भिंगाने पाहिलं! जास्त पाण्याने एडिमा होतो (पानांत पाणी साठून फोड येतात), तो हाच का? फोडवाली पानं काढू की राहू देऊ? आणि कटिंग आत्ताच लावून ठेवू का, झाड गेलंच तर निदान तेवढं तरी हाताशी राहील. साध्या जिरेनियमने कधी एवढे नखरे केले नव्हते हो.